डीएम दादा असला तरी

प्रिय छोट्या मैत्रिणीस,

तुझं पत्र सावकाश वाचलं. शेवटी तू विचारलंयस, "ताई, मीच जास्त मनावर घेतेय का? खेळच तर आहे." नाही, तू जास्त मनावर घेत नाहीयेस. दर शनिवारची संध्याकाळ देऊन, वहीत तिचं गाव, तिची शपथ, तिची भीती लिहून काढून 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या खेळात जी पॅलाडिन (शपथबद्ध योद्धा) तू उभी केलीस, तिच्याशी कुणी मनमानी केली तर राग येणारच. तो राग दाबू नकोस. पण तुमच्या डीएमबद्दलच्या (डन्जन मास्टर, गोष्ट सांगणारा आणि खेळ चालवणारा) तुझ्या चारही तक्रारी मी एका मापाने मोजणार नाही, कारण प्रत्येकीवरचा उपाय वेगळा आहे.

तुमच्या मित्राचा 'रोग' (rogue, चोराचं पात्र) मेला, ही पहिली. तू स्वतःच लिहितेस, की पेटीवर सापळा असू शकतो असं डीएमने सुचवलं होतं, तरी तुझ्या मित्राने ती न तपासता उघडली आणि सेव्हिंग थ्रोही, म्हणजे धोक्यातून वाचण्यासाठी टाकलेला फासाही, हुकला. वाईट वाटलं असेल, पण यात अन्याय नाही. धोका आधी दिसला, निर्णय खेळाडूने घेतला, फासा सगळ्यांसमोर पडला. कडक डीएम आणि अन्यायी डीएम यांत गल्लत करू नकोस. कडक डीएमच्या टेबलावर जिंकलेली लढाई वर्षानुवर्षं आठवते.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे, आणि ती बहुतेक अज्ञानातून आलेली आहे. किल्ल्यात लपतछपत शिरताना त्याने फाटकापाशी स्टेल्थ रोल (लपून राहता आलं का ते ठरवणारा फासा) मागितला, मग अंगणात, मग जिन्यावर, मग खोलीच्या दाराशी. हिशेब करून बघ. डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, १५ आणि फाशात मिळवायचा तुमच्या रोगचा बोनस ७, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर ८ किंवा जास्त हवेत. एका रोलला यशाची शक्यता ६५ टक्के. चारही वेळा जमण्याची शक्यता जेमतेम १८ टक्के. प्रत्येक रोल वेगळा पाहिला तर न्याय्य वाटतो, पण चार मिळून तुमची योजना सुरू होण्याआधीच बुडालेली असते. डीएमला हे बरेचदा कळतही नाही. त्याला वाटतं, आपण उत्कंठा वाढवतोय. 'बर्निंग व्हील' या खेळात यावर सरळ नियमच आहे : एकदा रोल झाला की परिस्थिती खरोखर बदलेपर्यंत तोच निकाल चालवायचा. हे गणित कागदावर मांडून त्याला दाखव. चांगला माणूस असेल तर पुढच्या सेशनपासून बदलेल.

तिसरी, डीएम स्वतःच चालवतो तो म्हातारा जादूगार. तुमच्याहून लेव्हल जास्त, प्रत्येक कोडं तोच सोडवतो, शेवटचा घाव त्याचाच. तुम्ही पूर्वेला निघालात तर पूल तुटलेला, पश्चिमेला निघालात तर तिथेही तोच वाडा आणि तोच जादूगार. अशा टेबलावर खेळाडू नुसते प्रेक्षक होऊन बसतात. याला रेलरोडिंग म्हणतात हे तुला ठाऊक आहेच. कठीण शत्रू, दुष्ट राजा, हरलेली लढाई, सगळं चालेल. तुम्ही काहीही ठरवलं तरी घडणार तेच, हे मात्र चालू देऊ नकोस. त्याच्याशी बोलताना याच मुद्द्याला धरून राहा.

तो म्हणतो, "मी जुन्या पद्धतीचा डीएम आहे." या म्हणण्यामागे थोडा खरा इतिहास आहे, तो तुला माहीत असलेला बरा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ मध्ये आला. १९७५ च्या ओरिजिन्स संमेलनातल्या स्पर्धेसाठी गायगॅक्सने एक थडगं रचलं, 'टूम ऑफ हॉरर्स'. त्यात भिंतीवर हिरवा राक्षसी चेहरा आहे, तोंड उघडं. आत शिरलं की पात्र नष्ट, वाचण्याचा रोलसुद्धा नाही. पण ते स्पर्धेसाठी होतं. लोक तिथे मरायच्या तयारीनेच बसत. १९७९ च्या डन्जन मास्टर्स गाइडमध्ये तर त्रासदायक खेळाडूला वठणीवर आणायला त्याच्या पात्राच्या डोक्यावर आकाशातून निळी वीज पाडा, नाहीतर त्याच्या करिश्म्याचा (व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावाचा) एक गुण कायमचा कमी करा, असाही सल्ला आहे. माणसाशी असलेलं भांडण पात्रावर काढायची ही खोड तेव्हापासून पुस्तकातच आहे, आणि मला ती कधीच पटलेली नाही. माणसाशी भांडण असेल तर माणसाशी बोलावं. शिवाय हा छंद तिथे थांबलेला नाही. २०१० च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या खेळाने गेम मास्टरलाही, म्हणजे तिथल्या डीएमलाही, पाळायची तत्त्वं घालून दिली, आणि त्यातलं एक म्हणजे खेळाडूंच्या पात्रांचा चाहता हो. जुनं म्हणून काहीही खपवायची सोय आता उरलेली नाही.

आता चौथी गोष्ट. तू ती पत्राच्या तळाशी, दोनच ओळींत लिहिलीस, आणि मला सगळ्यांत जास्त तीच लागली. सरदाराच्या वाड्यात तुझ्या पॅलाडिनला एकटीला कोंडलं, तो सरदार अंगचटीला येऊ लागला. तू म्हणालीस, "हे पुढे ढकलूया ना," आणि डीएम म्हणाला, "कॅरेक्टरमध्ये राहा." बाकीचे फोनमध्ये बघत बसले.

ही गोष्ट पहिल्या तीन तक्रारींच्या रांगेत बसत नाही. तू पात्र म्हणून बोलली नव्हतीस, स्वतः नको म्हणाली होतीस, आणि त्याने ते ऐकूनही चालू ठेवलं. 'त्या काळी असंच होतं' हे उत्तर तो देईल. त्या जगात ड्रॅगन आहेत, उडणारी जहाजं आहेत. हा प्रसंग तेवढा काळाने आणला नाही, त्याने निवडला. यासाठीच जॉन स्टाव्रोपोलोसने एक्स-कार्ड काढलं : टेबलावर एक कार्ड, कुणीही बोट ठेवलं की प्रसंग तिथेच बदलायचा, कारण विचारायचं नाही. रॉन एडवर्ड्सची 'लाइन्स अँड व्हेल्स' ही पद्धतही तशीच, काय खेळात येणारच नाही आणि काय पडद्याआड होईल, ते आधी ठरवायचं. २०२० मध्ये डी अँड डीच्या अधिकृत पुस्तकातही सेशन झीरोवर, म्हणजे खेळाआधीच्या अशा ठरवाठरवीवर, मजकूर आला. तुझ्या टेबलावर यातलं काही नव्हतं, पण तू तोंडाने सांगितलंस, तेवढं पुरेसं होतं.

त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या तक्रारीसाठी बोल, चौथीसाठी बोलायलाच हवं असं नाही. थेट निघालीस तरी मी तुझ्याच बाजूने आहे. बोलायचंच ठरवलंस तर ग्रुपवर नको, सेशनच्या आधी घाईत नको. त्याला स्वतंत्र लिही : "दादा, सरदाराच्या प्रसंगात मी थांब म्हटलं आणि तू थांबला नाहीस. असं पुन्हा होणार नाही याची खात्री दे, नाहीतर मी येणार नाही." इतकंच. मागचे सगळे हिशेब त्यात घालू नकोस, नाहीतर तो सोप्या मुद्द्यावर वाद घालून अवघड मुद्दा टाळेल. आणि त्या गप्प बसलेल्या मुलांपैकी एकाला तरी एकटं गाठून विचार. अशा वेळी पुष्कळ जण आतून अवघडलेले असतात, फक्त सुरुवात कुणी करायची हे त्यांना कळत नाही.

तू दादा म्हणतेस त्याला, कॉलेजात सीनियर आहे, तुम्हाला खेळ शिकवला त्याने, पुस्तकंही त्याचीच. म्हणून जीभ अडखळते, हे मला कळतं. आपल्याकडे मोठ्याला उलट बोलायची सवय नाही, आणि डीएम सहजी मिळत नाही म्हणून लोक काय वाटेल ते सोसतात. उपकार खरे आहेत, ते मान. पण खेळ त्याच्या मालकीचा नाही. जानेवारी २०२३ पासून पाचव्या आवृत्तीच्या नियमांचा गाभा, एसआरडी ५.१, क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली फुकट उपलब्ध आहे. फाशांचा एक संच आणि तीन माणसं जमली की टेबल तुझंही होऊ शकतं.

तसं केलंस तर बरेच दिवस चालणारं कॅम्पेन लगेच नको, एका संध्याकाळचा वन-शॉट घे. सुरुवातीला प्रत्येकाला काय नको ते विचार. रोल मागण्याआधी हरल्यावर काय होईल ते स्वतःशी ठरव. काहीच होणार नसेल तर रोल मागूच नकोस. आणि कुणी तुझी आखलेली वाट सोडून भलतीकडे निघालं, तर जाऊ दे त्यांना, मागे जा.

पॅलाडिनचं कॅरेक्टर शीट त्याच्याकडे राहिलं असेल तर मागून घे, किंवा आठवून नवीन लिही. मंगळवारी ऑनलाइन खेळणाऱ्या आमच्या ग्रुपमध्ये एक जागा आहे. डीएमशी मी बोलले आहे, पाचव्या लेव्हलचं पात्र चालेल म्हणाली. यायचं असेल तर रविवारपर्यंत कळव, म्हणजे ती पहिला प्रसंग तुझ्यासाठी लिहू शकेल.

तुझी,
ताई