एकट्या ट्रम्पेटचा ‘कँडी’

जॅझ ट्रम्पेटवादक ली मॉर्गनचा ‘साइडवाइंडर’ हा अल्बम आवडला म्हणून त्याचाच ‘कँडी’ लावला, पण ही तर सिनेमा-नाटकांतली जुनी गाणी, नुसती गोड लागतात, असं तुम्ही म्हणताय. गोड आहेच तो. पण त्या गोडव्यात पोरानं केवढी जोखीम घेतलीय, ते ऐका.

१८ नोव्हेंबर १९५७ आणि २ फेब्रुवारी १९५८ अशा दोन बैठकांत हे ध्वनिमुद्रण झालं. जागा न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅकची, ध्वनिमुद्रक रुडी व्हॅन गेल्डरच्या आईवडिलांच्या घराचा दिवाणखाना. फिलाडेल्फियाचा ली तेव्हा १९ वर्षांचा. ब्लू नोट या रेकॉर्ड कंपनीसाठी आधी केलेल्या पाचही अल्बममध्ये कुणी ना कुणी सॅक्सोफोनवाला होता. इथे फुंकणारा हा एकटाच. साथीला सनी क्लार्कचा पियानो, डग वॉटकिन्सचा डबल बास आणि आर्ट टेलरचे ड्रम्स. ट्रम्पेटचा सूर ओठांच्या थरथरीतून निघतो आणि ओठ दमतात. सॅक्स असला की तेवढी उसंत मिळते. इथे पियानोचा सोलो संपला की पुन्हा हाच उभा.

त्यातही अवघड काम संथ गाण्यांचं. द्रुत लयीत चलाखी खपून जाते, लांबवलेला सूर मात्र सगळं उघडं पाडतो. म्हणून ‘सिन्स आय फेल फॉर यू’ आणि ‘ऑल द वे’ पुन्हा ऐका. दुसरं गाणं तर तेव्हा ताजंच होतं, १९५७च्याच ‘द जोकर इज वाइल्ड’ या सिनेमातलं, गायक फ्रँक सिनात्रानं गायलेलं. ऐकणाऱ्याला शब्द पाठ, आणि याच्याकडे शब्दच नाहीत! आधी सिनात्रा ऐका, मग ते शब्द मनात म्हणत ट्रम्पेट ऐका. ली कुठे ओळ मागे रेंगाळू देतो, ते आपोआप कळेल. ट्रम्पेटची कळ (पिस्टन) अर्धवट दाबून सूर किंचित चेपायची त्याची खोडही शोधा.

(बंदिश आणि विस्तार ही उपमा आपल्याला चटकन सुचते, पण इथे खालचे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) सतत बदलत असतात. एका रागात रमायची मुभा नाही.)

‘सी.टी.ए.’ मात्र फिलाडेल्फियाच्याच जिमी हीथची रचना, वेगाची हौस भागवायला ठीक. मी बहुतेक वेळा ती ओलांडून थेट रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूवर जातो.

क्लार्क आवडला तर त्याचा ‘कूल स्ट्रटिन’ लावा. तो या दोन बैठकांच्या मधलाच, ५ जानेवारी १९५८चा. तिथे ट्रम्पेटवर आर्ट फार्मर आहे.