वेगवेगळ्या पेट्यांतले ड्वार्फ एकाच सैन्यातले कसे दिसतील?

तुम्ही म्हापशाहून विचारलंय की तीन निरनिराळ्या पेट्यांतले तीसेक ड्वार्फ (टेबलावरच्या लढाईच्या खेळातल्या बुटक्या, दाढीवाल्या योद्ध्यांच्या जोडून रंगवायच्या छोट्या आकृत्या) एकत्र मांडले की एका फौजेचे वाटत नाहीत. आणि ते भर पावसात रंगवायला घ्यावेत का. मीही गोव्यातलाच, डिचोलीचा. माझे साठ ड्वार्फ याच दमट हवेत तयार झाले, म्हणून सविस्तर लिहितो.

सुरुवात बेसपासून, म्हणजे आकृती उभी राहते त्या चकतीपासून करा. बहुतेक जण बेस शेवटी उरकतात, पण डोळ्याला सैन्य 'एक' वाटतं ते जमिनीमुळे. आणि आपल्याकडे जमीन फुकट आहे: चिरा, म्हणजे जांभा दगड. लाखो वर्षांच्या पावसाने खडकातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहिली, म्हणून तो तांबडा. ड्वार्फ म्हणजे खाणीतली माणसं. त्यांच्या पायाखाली आमच्या खाणींच्या डोंगरांसारखी तांबडी माती मला फार शोभून दिसते. फुटक्या चिऱ्याचा तुकडा कुटा, भुगा चहाच्या गाळणीतून चाळा, तव्यावर भाजून पूर्ण कोरडा करा. बेसवर फेविकॉल, त्यावर भुगा आणि दोनचार खडे. सुकल्यावर पाणी घातलेल्या फेविकॉलचे थेंब वरून सोडा, नाहीतर भुगा झडतो. त्याने रंग थोडा गडद होतो, म्हणून शेवटी फिक्या पिवळट-नारिंगी रंगाचा ड्राय ब्रश, म्हणजे रंग जवळजवळ पुसून टाकलेला ब्रश उंचवट्यांवरून हलकेच फिरवा. भिंतीवरचं खरं शेवाळ मात्र लावू नका, त्याला बुरशी धरते. हिरवा रंग दिलेला स्पंज कुस्करून लावा.

जमीन तांबडी ठरली की कपड्यांचा प्रश्नही सुटतो. लाल झगा त्या मातीत हरवतो. निळा किंवा निळसर हिरवा उठून दिसतो. तिसांच्या तिसांना तोच एक रंग द्या. दाढ्या मात्र तीनचार रंगांच्या ठेवा: तांबूस, तपकिरी, काळी, आणि म्हाताऱ्यांना पांढरी. कापड एकसारखं आणि दाढी ज्याची त्याची, एवढ्यावर फौज जुळते.

आता जोडकाम. दाढी हा ड्वार्फचा मोठा उपकार आहे, कारण मान आणि छातीवरचे सगळे सांधे तिच्याखाली जातात. म्हणून एका पेटीतलं डोकं दुसऱ्या पेटीतल्या धडावर निःशंक बसवा. फट राहिली तर दोन भागांची इपॉक्सी पुट्टी मळून भरा आणि ओल्या सुईने केसांच्या रेघा ओढा. माणसांच्या पेटीतले हात मात्र अख्खे लावू नका, ते गुडघ्यापर्यंत लोंबतात. मनगटापाशी कापून फक्त शस्त्र धरलेली मूठ घ्या. धातूच्या आकृतीत सांध्याला १ मि.मी.चं भोक पाडून पेपरक्लिपची तार घाला. नुसत्या फेविक्विकवर हात टिकत नाही. पुढच्या रांगेतल्या दोघातिघांच्या हाती कुऱ्हाडीऐवजी टिकाव दिलात, तर खाणीची गोष्ट पूर्ण होते.

रंगवताना मी गणपतीच्या चित्रशाळेतली रीत पाळतो: एक रंग घेतला की तो ओळीने सगळ्यांना. तिथे डोळ्यांची आखणी शेवटी होते. इथे मी उलट करतो. डोळे आधी, म्हणजे ब्रश घसरला तर त्वचेच्या रंगाने झाकता येतं. मागच्या रांगेतल्यांना डोळे नाही काढले तरी चालतं, भुवयांखालची गडद सावली पुरते.

राहिला पाऊस. एका जुलैत मी बारा आकृत्यांवर स्प्रे प्राइमर (रंगाआधीचा पहिला थर) मारला आणि सगळ्यांवर पॉलिशपेपरसारखी खरखर आली, दाढीच्या रेघा बुजल्या. ते बाराच्या बारा घासून काढताना जीव हळहळला. तेव्हापासून पावसाळ्यात प्राइमर ब्रशनेच, दोन पातळ थर, मध्ये एक रात्र. वॉश, म्हणजे खाचांत सावलीसाठी सोडायचा पातळ गडद रंग, या हवेत लवकर सुकत नाही आणि खाचांत तळी करतो. कोरड्या ब्रशच्या टोकाने जादा टिपून घ्या. पण याच दमट हवेत पॅलेटवरचा रंग बराच वेळ ओला राहतो, त्यामुळे झग्याच्या छटा एकमेकींत मिसळायला पावसाळ्याइतका चांगला काळ नाही. तेव्हा जरूर घ्या रंगवायला. फक्त मॅट वार्निशचा स्प्रे राखून ठेवा. ओलाव्यात तो पांढुरका धरतो. मी तो चवथ (गणेशचतुर्थी) होऊन गेल्यावर, पाऊस ओसरून कोरडं ऊन पडलं की देतो.