न्यायाधीश बदलून मागण्याआधी

अशील चिडून सांगेल, "साहेब समोरच्याला मिळालेत, कोर्ट बदलून घ्या." लगेच अर्ज लिहायला बसू नकोस. मनाईचा अर्ज फेटाळला, उलटतपासात टोकलं, एवढ्यावर पक्षपात ठरत नाही. आदेश चुकला असेल तर त्याला अपील आहे.

पण न्यायाधीशांचं समोरच्या पक्षकाराशी नातं असेल, किंवा वकिली करताना त्यांनी हेच प्रकरण चालवलं असेल, तर कचरू नकोस. रणजित ठाकूर खटल्यात (१९८७) सर्वोच्च न्यायालयाने कसोटी घालून दिली आहे: न्यायाधीशाने आपलं मन नाही, समोर उभ्या पक्षकाराचं मन बघायचं. हे कळलं की तुझा अर्ज आपोआप सभ्य होतो, कारण न्यायाधीशांना बेइमान म्हणायची गरजच उरत नाही.

आधी रोजनाम्याची, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीची, नक्कल काढ. अर्जात तारीख आणि घडलेली गोष्ट लिही, विशेषणं नकोत. शपथपत्र अशिलाचं असलं तरी सही तुझीही असते. नागपूरच्या दोन वकिलांनी असाच बदलीचा अर्ज सही करून दिला होता. खातरजमा न करता न्यायाधीशांवर आरोप करणाऱ्या अर्जावर सही करणारा वकीलही अवमानाचा दोषी ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात १९५४ साली बजावलं.

कारण कळताक्षणी हरकत घे. निकाल विरोधात गेल्यावर जुनं नातं उकरून काढलंस तर कुणी ऐकणार नाही. दिवाणी दावा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली जिल्हा न्यायालयात जा. नुसत्या अर्जाने मूळ काम थांबत नाही, म्हणून पुढच्या तारखेला साक्षीदार तयार ठेव.