कुणाला दिलं, कुणाकडे दिलं?

प्रश्न : आमचा सुताचा व्यापार आहे. परदेशातल्या गिऱ्हाइकांना मेल मीच लिहितो. ‘सेंड मी द सॅम्पल’ चालतं, मग ‘एक्सप्लेन मी द डिले’ आणि ‘सजेस्ट मी अ रेट’ का चालत नाही? भाचा दर वेळी खोडतो, कारण मात्र सांगत नाही.
— एक वाचक, इचलकरंजी

भाचा खोडतो ते बरोबरच आहे. कारण मी सांगते.

मराठीत ‘मला’ म्हटलं की काम भागतं. मला दे, मला पाठव, मला सुचव, मला समजावून सांग. क्रियापद कुठलंही असो, ‘ला’ तोच. इंग्रजीत ज्याला द्यायचं त्याचं नाव क्रियापदाला लागून ठेवण्याची सोय थोड्याच क्रियापदांना आहे. गिव्ह, सेंड, लेंड, शो, टेल, टीच ही त्यांतली नेहमीची. बहुतेक आखूड आहेत, इंग्रजीच्या जुन्या घरातली आहेत. एक्सप्लेन, सजेस्ट, डिस्क्राइब, डोनेट ही लॅटिनमधून, काही फ्रेंचच्या वाटेनं, नंतर आलेली. त्यांना ‘टु’ लागतो : ‘एक्सप्लेन द डिले टु मी’. दराबद्दल तर सरळ विचारा, ‘व्हॉट रेट वुड यू सजेस्ट?’ व्यापारी पत्रात तेच शोभतं.

कानाला आणखी एक खूण सापडते. ऑफर आणि प्रॉमिस हीसुद्धा लॅटिन कुळातली, पण ‘ऑफर मी अ डिस्काउंट’ अगदी शुद्ध आहे. उच्चार करून बघा : दोन्हींत जोर पहिल्या अक्षरावर येतो. एक्सप्लेन आणि सजेस्टमध्ये तो मागच्या अक्षरावर पडतो. ही खूण पुष्कळदा उपयोगी पडते, नेहमी नाही; ‘असाइन मी अ टास्क’ आणि ‘अवॉर्ड हर अ प्राइझ’ ती मोडून बसलेलीच आहेत.

तुमच्या धंद्यात रोज लागणारी दोन क्रियापदं तुम्ही विचारलेली नाहीत, तरी सांगते. प्रोव्हाइड आणि सप्लाय. ‘वी विल सप्लाय यू विथ द यार्न’ किंवा ‘वी विल सप्लाय द यार्न टु यू’. माणूस आधी आला तर ‘विथ’, माल आधी आला तर ‘टु’. ‘प्रोव्हाइड यू द डिटेल्स’ असं अमेरिकेत काही लोक लिहितात, पण तुम्ही ‘विथ’ घाला. त्यावर कुणी बोट ठेवणार नाही. आणि माल गावाला पाठवायचा असेल तर ‘सेंड द सॅम्पल टु दुबई’. ‘सेंड दुबई द सॅम्पल’ म्हटलंत तर दुबईत तुमचं ऑफिस आहे आणि तिथली माणसं तो ताब्यात घेणार आहेत, असा अर्थ होतो. क्रियापदाला लागून जो बसतो त्याच्या हाती वस्तू पडावी लागते. गावाच्या हाती काही पडत नाही.

प्रश्न : मुलीनं निबंधात ‘आय गेव्ह माय एक्झाम’ लिहिलं, बाईंनी लाल रेघ मारली. आम्ही सगळे असंच बोलतो.
— एक आई, पनवेल

भारतात असं सर्रास बोलतात आणि आपल्यात ते कळतंही. पण बाहेरचा माणूस ‘गेव्ह’ ऐकून समजेल की मुलीनं पेपर काढला आणि दुसऱ्यांना सोडवायला लावला. विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो. ब्रिटनमध्ये ‘सिट’ही म्हणतात.

मराठीतलं ‘देणे’ फार कामसू आहे. लक्ष देतो, भेट देतो, पहारा देतो, नकार देतो, परीक्षाही देतो. इंग्रजीत यांतल्या प्रत्येकाचं क्रियापद वेगळं : पे अटेन्शन, व्हिजिट, कीप वॉच, रिफ्यूज. मुलीला सांगा, ‘देणे’ आलं की आधी विचारायचं, इथे एकाकडून दुसऱ्याकडे खरोखर काही गेलं का?

प्रश्न : मी मुलाकडे मेलबर्नला असते. शेजारीण चांगली आहे, रोज बोलते. परवा मी तिला म्हटलं, ‘आय विल मेक अँड गिव्ह यू पोहे.’ नातू हसला, म्हणाला, ‘आजी, नुसतं मेक.’ दुसऱ्या दिवशी आम्ही बाहेर जाताना किल्ली तिच्याकडे दिली, तेव्हा ‘आय गेव्ह यू द की’ म्हणावं की आणखी काही, याचीही शंका आली.
— एक आजी, मेलबर्न

आजी, तुमचं पत्र वाचून मला फार बरं वाटलं. दोन्ही प्रश्न अगदी नेमक्या जागी बोट ठेवणारे आहेत.

गिरगावातल्या रात्रशाळेत मी इंग्रजी शिकवायची. दिवसभर कँटीनमध्ये, छापखान्यात काम करून आलेली मुलं ‘ब्रिंग अँड गिव्ह’, ‘राइट अँड गिव्ह’ असंच बोलायची. त्यांच्या डोक्यात मराठी वाक्य पक्कं असायचं : आणून देतो, लिहून देतो. आपल्या या ‘ऊन देतो’त जिव्हाळा आहे. काम केलं, आणि ते तुझ्यासाठी केलं, हे दोन्ही त्यात येतं. ‘चहा केला’ आणि ‘चहा करून दिला’ यांतला फरक मराठी माणसाला समजावावा लागत नाही.

इंग्रजीत तोच जिव्हाळा ‘यू’च्या जागेत आहे. ‘आय विल मेक यू पोहे’ म्हटलं की करणं आलं आणि देणंही आलं, वेगळा ‘गिव्ह’ नको. वाक्य उलटं केलंत तर ‘फॉर’ घाला : ‘आय विल मेक पोहे फॉर यू’. मेक, कुक, बाय, गेट यांच्याबरोबर ‘फॉर’, कारण वस्तू आधी तयार करायची किंवा मिळवायची असते. गिव्ह, हँड, पास यांच्याबरोबर ‘टु’, कारण वस्तू हातात आहेच, फक्त पुढे करायची. आणि पोहे नुसते विचारायचे असतील, घ्यायचे की नाही ते तिच्यावर सोडायचं असेल, तर ‘ऑफर’. मराठीत आपण त्याला ‘देऊ करणं’ म्हणतो. ऑफर केलेलं नाकारता येतं.

आता किल्ली. तुम्ही ‘तिच्याकडे दिली’ लिहिलंत, ‘तिला दिली’ नाही. पुतण्याला पैसे दिले तर ते त्याचे झाले. पुतण्याकडे पैसे दिले तर ते कुणाला तरी पोहोचवायचे आहेत किंवा सांभाळायचे आहेत. एवढा मोठा फरक आपण एका ‘कडे’नं करतो.

ही शंका जुनी आहे. पाणिनीनं ज्याला द्यायचं त्याला ‘संप्रदान’ म्हटलं आणि त्यासाठी चतुर्थी सांगितली. नंतरच्या काही वैयाकरणांनी अर्थ लावला की आपला हक्क सोडून दिलं तरच ते संप्रदान. मग धोब्याला कपडे दिले त्याचं काय? कपडे तर परत यायचे असतात. म्हणून तिथे चतुर्थी नको, षष्ठी घ्या, ‘रजकस्य वस्त्रं ददाति’, असं ते म्हणाले. उलट पतंजलीच्या महाभाष्यात स्वर चुकवणाऱ्या शिष्याला गुरुजी चपराक देतात, आणि तिथे ‘तस्मै’ अशी चतुर्थीच आहे. चपराक परत मागायची नसते, पण ते दानही नव्हे. म्हणजे मतभेद होताच. मला यात आपल्या मराठीची बाजू आवडते. आपण ‘धोब्याकडे कपडे दिले’ म्हणतो आणि ‘पोराला चपराक दिली’ म्हणतो, दोन्ही ठिकाणी चोख.

इंग्रजीत ‘गिव्ह’ या दोन्हींना चालतं, त्यामुळे ‘आय गेव्ह यू द की’ चूक नाही. पण सांभाळायला ठेवली हे सांगायचं असेल तर ‘आय लेफ्ट द की विथ यू’ म्हणा. ‘कडे’चा अर्थ त्या ‘विथ’मध्ये येतो. कपडे टाकायला गेलात तर ‘आय टुक द क्लोद्ज टु द लाँड्री’. चपराकीसाठी मात्र ‘गेव्ह हिम अ स्लॅप’ हाच क्रम ठेवा. ‘गेव्ह अ स्लॅप टु हिम’ कानाला खटकतं, तसंच ‘गेव्ह अ हेडेक टु मी’. ‘टु’ म्हटलं की काहीतरी इथून तिथे गेल्यासारखं वाटतं, आणि डोकेदुखी कुठून निघून आलेली नसते.

शेजारणीला पोहे नक्की करून द्या. वर ओलं खोबरं घाला.

प्रश्न : इंग्लंडमधल्या एका मालिकेत ‘गिव्ह इट मी’ ऐकलं. आम्हाला ‘गिव्ह इट टु मी’ शिकवलं. परीक्षेत काय लिहू?
— बारावीचा विद्यार्थी, लातूर

‘गिव्ह इट टु मी’ लिही. ‘गिव्ह इट मी’ इंग्लंडच्या उत्तर आणि मध्य भागात अजून बोलतात, त्यामुळे तुझ्या कानानं चूक केलेली नाही. ‘गिव्ह मी इट’ही काही जण बोलतात. पण वस्तूच्या जागी ‘इट’ किंवा ‘देम’ आलं की ‘टु’वाला क्रम सगळीकडे निर्धास्त चालतो. ‘गिव्ह मी द बुक’, आणि पुस्तकाचं नाव आधी येऊन गेलेलं असेल तर ‘गिव्ह इट टु मी’. पुस्तक परत मागायचं असेल तर ‘रिटर्न मी द बुक’ लिहू नकोस. ‘गिव्ह मी बॅक द बुक’ किंवा ‘रिटर्न द बुक टु मी’ लिही.