प्रार्थनेत मन लागत नाही, सगळे कोरडे वाटते. म्हणजे विश्वासातली माझी वाढ थांबली का?

नाही; प्रार्थनेतील कोरडेपणा हे वाढ थांबल्याचे लक्षण नव्हे, कारण ख्रिस्ती परंपरेत वाढ केवळ भावनांच्या भरतीवरून मोजली जात नाही. बायबलमधील, प्रेषित पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या ५व्या अध्यायात पवित्र आत्म्याचे फळ सांगितले आहे ते प्रीती, सहनशीलता, सौम्यता, इंद्रियदमन असे, म्हणजे ते रोजच्या वागण्यात दिसते: पूर्वी ज्या शब्दाने आपण दिवसभर अबोला धरला असता, तोच शब्द ऐकून आज आपण तासाभराने त्या माणसाकडे परत जातो, ही वाढ आहे. स्तोत्र ८८ तर अंधाराच्याच उल्लेखावर संपते, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात प्रार्थना म्हणूनच आहे, ही मला फार दिलासा देणारी गोष्ट वाटते. १५४८ साली छापल्या गेलेल्या आपल्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात जेसुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी अशा काळासाठी दोन नेमके नियम दिले आहेत: आधी शांत मनाने केलेले निश्चय या काळात बदलू नयेत, आणि प्रार्थनेची ठरलेली वेळ कमी करण्याऐवजी उलट किंचित वाढवावी. अर्थात, ते स्वतःच्या हयगयीलाही या कोरडेपणाचे एक कारण मानतात, म्हणून तेवढे प्रामाणिकपणे तपासावे. मात्र झोप, भूक आणि कामातला रसही गेला असेल, तर प्रश्न केवळ प्रार्थनेचा नसून नैराश्याचाही असू शकतो. तेव्हा चर्चच्या पाळकांबरोबरच डॉक्टरांशीही जरूर बोलावे.