खानापूर-बेळगाव भागातले माझे लँडस्केप फोटो सपाट येतात. नवी लेन्स घ्यावी का?

लेन्स घेऊ नका, आत्ता तरी नकोच. तुम्ही लिहिलंय की राजहंसगडावरून येळ्ळूरचं शिवार डोळ्यांना सुरेख दिसतं, पण फोटोत नुसता हिरवा-तपकिरी पट्टा येतो, आणि तुम्ही गडावर जाता अकराच्या सुमारास. गडबड त्या वेळेतच आहे. सूर्य वर चढला की सावल्या वस्तूंच्या खाली दडतात, आणि फोटोला खोली येते ती सावल्यांमुळेच.

मे महिन्यात नांगरून ठेवलेलं तांबड्या मातीचं रान बघा. सूर्य उगवल्यावर अर्ध्या तासात, ऊन नांगराच्या तासांना, म्हणजे सऱ्यांना, आडवं पडत असताना, एकेका ढेकळाला उजळ बाजू आणि लांब काळी सावली असते. प्रत्येक सरी वेगळी मोजता येते. तेच रान दुपारी तांबडी चादर होतं. म्हणून जागा ठरवताना आधी ऊन कुठून येतंय ते बघायचं. सूर्य पाठीशी असेल तर चित्र सपाट, डाव्या-उजव्या हाताला असेल तर उठाव येतो. आपल्याकडे उगवतीची जागा जून आणि डिसेंबरमध्ये पूर्वेच्या दोन्ही बाजूंना साधारण 24-24 अंशांनी सरकते, त्यामुळे हिवाळ्यात जमलेली जागा पावसाळ्याच्या तोंडावर जमेलच असं नाही.

थंडीत राकसकोप जलाशयाच्या पाण्यावर किंवा जांबोटीच्या झाडीत धुकं असेल तर मात्र सरळ सूर्याकडे तोंड करा. मागून ऊन आलं की धुकं पेटल्यासारखं दिसतं. कॅमेरा पांढऱ्या धुक्याला करडं करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घ्यायचा प्रकाश, पाऊण ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोची रंगछटा ठरवणारं सेटिंग, ऑटोवर ठेवू नका, सकाळचा सोनेरी रंग तोच खाऊन टाकतो. डेलाइटवर ठेवा.

पावसाळ्यात ढगाळ असलं तरी घरी बसू नका. फिकट आभाळ चौकटीतून काढून टाका आणि जंगलात शिरा. ओल्या पानांवरची पांढरट चकाकी खरा हिरवा रंग झाकते, ती पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावायचा एक फिल्टर, फिरवून कमी होते. पैसे खर्चायचेच असतील तर त्यावर खर्चा.

गोकाकच्या धबधब्यावर इंद्रधनुष्य कसं मिळतं, हेही विचारलंय. ते नशिबावर सोडायची गरज नाही. सूर्याकडे पाठ करा आणि आपल्या डोक्याची सावली कुठे पडते ते बघा. इंद्रधनुष्य त्या सावलीभोवती सुमारे 42 अंशांवर असतं. हात लांब करून पसरलेली एक वीत म्हणजे अंदाजे 20 अंश. सावलीपासून दोन विती मोजा. तिथे उन्हात तुषार उडत असतील तर कॅमेरा लावा, नसतील तर काठाने पुढे सरकून पुन्हा मोजा.