दुकानाला रॅम्प नाही. कोर्टात खेचतील का?

प्रश्न : नवी पेठेत आमचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. जोता दीड फूट, तीन पायऱ्या. व्हीलचेअरवरच्या एका गिऱ्हाइकाने कोर्टाची भाषा केली. धोका किती? – एक दुकानदार, सोलापूर

उत्तर : धोका आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ खासगी दुकानांनाही लागू आहे. पहिल्या उल्लंघनाला १०,००० रुपयांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येकाला ५०,००० ते ५ लाख. तक्रार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडेही जाऊ शकते.

रॅम्पचा उतार १:१२ हवा, म्हणजे १८ इंचांना १८ फूट लांबी. गवंडी चार-पाच फुटांत उरकतात. त्यावर स्कूटर चढते, पण खुर्ची मागे उलटते. असला रॅम्प नसलेलाच बरा! रस्त्यावर काढलात तर महापालिका अतिक्रमण म्हणून पाडेल. म्हणून गाळ्याच्या आतच, भिंतीलगत नऊ-नऊ फुटांचे दोन टप्पे घ्या. रुंदी चार फूट. वळणावर आणि वर-खाली पाच फूट सपाट जागा. दोन्ही बाजूंना कठडा, फरशी खरखरीत. दार तीन फूट मोकळं हवं. गाळा भाड्याचा असेल तर मालकाची संमती लेखी घ्या.

तोवर पायरीजवळ घंटी लावा आणि माल खाली आणून दाखवा. याने कायदा पाळला असं होत नाही, पण गिऱ्हाईक परत जात नाही.